कैवल्य मुंडलेचा परवा

कालकोठीचं दार उघडलं तेव्हा आत कोणीच नव्हतं. एकादशीची सकाळ होती आणि साडेदहा वाजले होते. डॉ. तय्यब मणेर यांनी एकदा आत डोकावून पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या त्या पांढऱ्या कोठीत लपायला कोपरासुद्धा नव्हता. त्यांच्या मागे डॉ. रेवती मुंडले थर्मास घेऊन उभी होती. तिचा धाकटा भाऊ कैवल्य बाहेर आल्या आल्या चहा मागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"उशीर होत असेल का?" तिनं विचारलं.

"काळाच्या यंत्राला उशीर?" मणेर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाले.

दोनच दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, वडजाईच्या पठारावरच्या या प्रयोगशाळेत सगळ्या यंत्रांची रीतसर पूजा झाली होती. कालकोठीला झेंडूची माळ घालून झाली, पेढे वाटून झाले आणि कैवल्य आत जाऊन बसला. त्याआधी उंदरांवर सतरा प्रयोग झाले होते. उंदीर कोठीतून नाहीसा व्हायचा आणि ठरल्या वेळी त्याच जागी मिशा हलवत हजर व्हायचा. मधला काळ त्याच्यापुरता झालेलाच नसायचा. माणसाची पहिली पाळी कैवल्यनं हट्टानं मागून घेतली. चौतीस वर्षांचा हा गडी म्हणजे कोठीच्या दोन जनकांपैकी एक, दुसरे मणेर. उडी होती अठ्ठेचाळीस तासांची.

रेवतीचं काम वेगळं होतं. कोठीत धातूची कळ किंवा पडदा ठेवला की आतलं काळाचं क्षेत्र बिघडायचं, म्हणून आत बसलेल्या माणसानं तोंडी सांगायचं आणि यंत्रानं ऐकायचं अशी सोय केली होती. ऐकणारं ते अंग, म्हणजे श्रवणिका, भाषाशास्त्रज्ञ रेवतीनं घडवलं होतं. पुस्तकी मराठीच नव्हे, तर बोलली जाते ती मराठी तिला कळावी म्हणून रेवतीनं पंचक्रोशी पालथी घालून दोनशे जणांचे आवाज गोळा केले होते. "घरात बोलता तसं बोला, तिला समजतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगायची. आता तो तोरा कुठल्या कुठे गेला होता.

अकरा वाजता आईचा फोन आला. "निघालात का गं? अळूवड्यांचे उंडे वाफवून ठेवलेत. तो आला की तळते."

"येतोय, आई," रेवती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

दुपारी निरीक्षक भोगले आले. माणूस सरळ होता. बेपत्ता व्यक्तीचा छापील अर्ज त्यांनी टेबलावर पसरला.

"शेवटचं कोणी पाहिलं?"

"आम्ही अकरा जणांनी," मणेर म्हणाले.

"कुठं जाताना?"

"तसा कुठंच जात नव्हता तो. परवाच्या दिवसातून आजच्या दिवसात यायला निघाला होता."

भोगलेंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, मला रकाने भरायचेत. हरवल्याचं ठिकाण?"

"हीच कोठी."

"हरवल्याची वेळ?"

मणेर रेवतीकडे पाहू लागले. भोगलेंनी उसासा टाकला आणि तीस वर्षांच्या नोकरीत हजारदा विचारला असेल तो प्रश्न विचारला. "निघताना काही बोलला का?"

बोलला होता, आणि त्याचं ध्वनिमुद्रणही होतं. रेवतीनं ते लावलं. आधी अकरा जणांचा गलका ऐकू आला, मग दार लागल्याचा आवाज आणि मग कैवल्यचा खुशीतला स्वर. "चल बये, परवा!" त्यानं 'अठ्ठेचाळीस तास पुढे' असं म्हणावं असं ठरलं होतं. पण रेवतीनंच 'घरात बोलता तसं बोला' म्हणून सगळ्यांचे कान किटवले होते, तेव्हा ताईची फिरकी घ्यायची संधी तो कशी सोडणार? त्या वेळी सगळे हसले होते. तीही हसली होती.

"परवा म्हणजे," भोगले म्हणाले, "येणारा की गेलेला?"

मणेर खुर्चीतून अर्धवट उठले. तीन डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला जे सुचलं नव्हतं, ते पोलिसाला पहिल्या झटक्यात सुचलं होतं.

"यंत्र मागं पण जातं का?" भोगलेंनी विचारलं.

"समीकरणांना पुढं आणि मागं सारखंच," मणेर म्हणाले. "मागं पाठवायला आम्ही मनाई केली होती. पण ती कागदावर. यंत्राला तसं कुलूप घातलेलं नाही. मागं जायला कोणी सांगेल असं वाटलंच नव्हतं."

मग गेलेला परवा तपासायचा ठरला. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी, म्हणजे सप्तमी. त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण तिघांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. कोठीत दिवसभर एक उंदीर होता आणि तो दाणे खात होता. कैवल्यचा पत्ता नव्हता. येणाऱ्या परवात तो नव्हता आणि गेलेल्या परवातही नव्हता. तिसरा परवा आणायचा कुठून, हे कोणालाच कळेना. रेवतीच्या डोक्याचा तर पार भुगा झाला.

"पण तिनं उलट विचारलं कसं नाही?" ती एकदम म्हणाली.

"कोणी?"

"श्रवणिकेनं. ती कोशात अर्थ शोधत नाही. आधी बोलणारा कोण ते ओळखते, आणि तोच माणूस एरवी तो शब्द कोणत्या अर्थानं वापरतो ते पाहते. आवाज ओळखीचा नसेल आणि शब्द दुहेरी असेल, तर तिनं विचारायलाच हवं, नक्की कधी म्हणून. कैवल्यचा आवाज तिच्या संग्रहात नाही. संस्थेतल्या कोणाचाच मी घेतलेला नाही. तरी तिनं विचारलं नाही."

तिनं नोंदवही उघडली. श्रवणिकेनं कैवल्यचा आवाज पाऊण सेकंदात ओळखला होता. वक्ता क्रमांक एकशे सत्तेचाळीस. नाव दाजी उंडे, वय पासष्ट, मोबाइल-दुरुस्ती, मुक्काम शिरसाळ.

"चुकली असेल," भोगले म्हणाले.

"चुकत नाही. वयानं आवाज घोगरा होतो, पण टाळूची कमान आणि नाकामागची पोकळी जन्मभर तशीच राहते. ती तेच मोजते. जुळ्या भावांतसुद्धा फरक दाखवते."

रेवतीनं दाजी उंडेंचं ध्वनिमुद्रण लावलं. वैशाखातली दुपार होती. पंख्याची घरघर आणि तिचा स्वतःचा आवाज ऐकू आला. "काका, पठाराबद्दल काहीतरी सांगा ना." मग एक थकलेला, गावरान आवाज. "पठाराचं काय सांगू ताई. परवापरवापर्यंत नुसतं गवत होतं तिथं. मी परवा आलो तवा तर गुराखीबी नव्हता."

"परवा म्हणजे कधी हो?"

"ह्या खंडेनवमीला एकतीस वर्षं व्हतील बघा."

रेवतीनं ध्वनिमुद्रण थांबवलं. रेवतीला तो माणूस आठवत होता. त्यानं तिला कोकम सरबत दिलं होतं. तो तिला ताई म्हणाला होता, पण तिला तर सगळेच ताई म्हणत, म्हातारेसुद्धा. त्याच्याकडे तिनं धड पाहिलंही नव्हतं. तिचं सगळं लक्ष ध्वनिमुद्रकाच्या सुईकडे होतं.

"एकतीस वर्षं मागं," मणेर हळूच म्हणाले. "परवा म्हणजे एकतीस वर्षं, कारण हा माणूस तसं म्हणाला. तो तसं म्हणाला, कारण त्याला एकतीस वर्षं झाली. आणि झाली, कारण यंत्रानं पाठवलं. मग मुळात हा एकतीसचा आकडा ठरवला कोणी?"

"ते मी कुठल्या रकान्यात लिहू?" भोगलेंनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते.

शिरसाळ पठाराच्या पायथ्याशी आहे, जीपनं वीस मिनिटांवर. रेवती एकटीच गेली. एसटी थांब्याशेजारी दुकान होतं आणि काचेमागे एक पांढऱ्या केसांचा माणूस डोळ्याला भिंग लावून फोनचं पोट उघडून बसला होता. ती दारात उभी राहिली. काय म्हणून हाक मारायची तेच तिला कळेना. धाकट्या भावाला अहो म्हणवत नव्हतं आणि समोरच्या म्हाताऱ्याला अरे म्हणवत नव्हतं.

त्यानं भिंग काढलं. "ये ताई," तो म्हणाला, गावरान हेल बाजूला ठेवून, घरातल्या भाषेत. "सकाळपासून दाराकडेच बघतोय."

ते डोळे कैवल्यचेच होते. वैशाखात ते तिला कसे दिसले नाहीत? रेवतीला रडू आलं, पण त्याआधी संताप आला.

"तुला माहीत होतं! मी इथं तुझ्यासमोर बसले होते, सरबत प्यायले. आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू त्याला कोठीत जाऊ दिलं असतंस?"

"मुळीच नाही!"

"मग माझी नंदा कुठून आली असती?" त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. एक हसरी बाई आणि तिच्या मांडीवर दोन मुलं होती. "माझी मुलगी. तुझी भाची. तिची आई गेली तीन वर्षांपूर्वी."

रेवती स्टुलावर बसली. तो बोलत राहिला. पठारावरून खाली उतरला तेव्हा गावात लोक विळ्या-कोयत्यांना कुंकू लावत होते, आणि त्याला वाटलं की अजून आपलीच खंडेनवमी चालू आहे. "पहिलं वर्षभर रोज वर जाऊन उभा राहायचो. तू न्यायला येशील म्हणून. मग एक दिवस पाऊस होता, गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही गेलो."

"वैशाखात ते 'परवा' मुद्दाम बोललास?"

"नाही गं." त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. "तू येणार हे कळल्यावर आठ दिवस घोकत होतो, तो शब्द तोंडातून काढायचा नाही. बघू तरी काय होतं. मग नंदा आठवायची आणि वाटायचं, काढायचाच. शेवटी काहीच ठरलं नाही. तू पठाराचं विचारलंस आणि तोंडातून तेच आलं. मला ते खरंच परवाच वाटतं, ताई."

यावर रागवायचं कोणावर? तिच्या ओळखीचा कैवल्य दोन दिवसांपूर्वी पेढ्याचा अख्खा बॉक्स पळवून हसत कोठीत शिरला होता. तो गेला होता, आणि इथं बसलाही होता. मन एकदा आनंदानं भरून यायचं आणि लगेच सुतक लागल्यासारखं व्हायचं.

"चल," ती शेवटी म्हणाली. "आई वाट बघतेय. अळूवड्या करून बसलीय."

तो घाबरला. अगदी लहान मुलासारखा घाबरला. "आई आता चौसष्टची. मी पासष्टचा. तिच्यासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?"

"मी तिला सांगितलंय, तू येतोयस म्हणून. मी एकटी परत गेले तर काय सांगू, तूच सांग."

आत जाऊन तो धुतलेला सदरा घालून आला, केस पाण्यानं चापून बसवले आणि दुकानाला कुलूप लावलं. जीपमध्ये तो सगळ्या वाटभर बाहेर बघत होता. तालुक्याच्या गावात शिरल्यावर मात्र गल्लीचं वळण रेवतीनं सांगायच्या आत त्यानं दाखवलं. आईला आधी समजावून सांगावं, मग त्याला आत न्यावं, असं रेवतीनं मनाशी ठरवलं होतं. पण समजावणार काय, याची पहिली दोन वाक्यंसुद्धा तिला जुळवता आली नव्हती.

उन्हं उतरली होती. दार उघडंच होतं आणि स्वयंपाकघरातून तळणीचा वास येत होता. त्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. रेवती पुढं होऊन काही बोलणार, तोच त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"आई, मी आलो."

आवाज घोगरा होता, त्यात कापरंही होतं. तरी आतून क्षणाचाही वेळ न लागता उत्तर आलं.

"आलास? किती रे वाट बघायला लावायची! हातपाय धू आधी. पहिला घाणा निघालाय, गरम गरम खा."

रेवतीनं तोंडावर हात धरला. पाऊण सेकंदसुद्धा लागला नव्हता. आईनं ओळखलं होतं. आता काही समजवायला नको, समीकरणं नकोत, काही नको. तो तर हसत होता, आणि डोळ्यांतलं पाणी सदऱ्याच्या बाहीनं पुसत होता.

आई वड्यांची ताटली घेऊन बाहेर आली. समोर पांढऱ्या केसांचा परका माणूस पाहून ती जागीच थबकली, तिनं पदर सारखा केला आणि पाहुण्याला करावा तसा नमस्कार केला.

"बसा ना," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून तिनं दाराकडे पाहिलं, अंगणात पाहिलं, पार फाटकापर्यंत पाहिलं. तिचा चेहरा गोंधळला.

"रेवती, आत्ता बोलला ना तो? कुठं गेला?"