महाळुंग्याहून येणारं दूध

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी आधी पाण्याचा घोट घेते. "मी आईचं दूध मोजते," हे ऐकून आजवर तीन स्थळं गप्प झाली. चौथ्यानं विचारलं, "म्हणजे डेअरीत का?"

डेअरीत नाही. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात, एनआयसीयूच्या शेजारच्या छोट्या खोलीत. वेळेआधी जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढी बाळं आमच्याकडे असतात. त्यांना आईचंच दूध मानवतं, पण नुसतं ते पुरत नाही. शिवाय प्रत्येक आईचं दूध वेगळं. म्हणून चार थेंब यंत्रात घालायचे, फॅट किती, प्रोटीन किती ते बघायचं आणि त्या-त्या बाळाच्या वजनाप्रमाणे पोषक पूड मिसळायची. शिंपी माप घेऊन कापड बेततो, तसंच. बारा बाळं, बारा मापं.

खोलीला एक खिडकी आहे. घरून आलेल्या बाटल्या मी तिथूनच घेते. सप्टेंबरातल्या एका भुरभुरत्या सकाळी मी खिडकीतून हाक मारली, "मोनिकाच्या बाळाचे काका कोण?"

बाकावरून एक उंच मुलगा उठला. रेनकोटातून पाणी गळत होतं आणि पोटाशी बर्फाचा डबा धरलेला. स्वतः भिजला होता, डबा कोरडा.

"काका मीच," तो म्हणाला. "पण अठ्ठाविसाव्या वर्षी असं सगळ्यांसमोर…"

"नात्याच्या रकान्यात तुम्हीच लिहिलंय." खाली गेटवर वॉचमनच्या रजिस्टरात नाव, कुणाकडे आणि नातं लिहूनच वर येता येतं.

मी बाटल्या काढल्या. प्रत्येकीवर छापल्यासारख्या अक्षरात तारीख, वेळ, मिली. आणि खाली— तपासणारा : प्रज्वल.

"तुम्ही दूध तपासलंत?"

"बाटली तपासली. गळत नाही." तो अगदी गंभीर होता. "चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे मी. सही केल्याशिवाय काही पुढं जात नाही."

मी हसू दाबलं आणि खिडकी लावून घेतली. दाबलेलं हसू दुपारी डबा खाताना आलं.

मोनिका ही त्याची वहिनी. तिला सातव्या महिन्यातच सिझेरियन करून मोकळं करावं लागलं होतं. पहिले दहा दिवस ती आमच्याकडेच होती. नंतर तिला घरी सोडलं, पण रक्तदाब उतरेना म्हणून डॉक्टरांनी प्रवास बंद केला. बाळ चिंचवडला, आई महाळुंग्याला. मोठा भाऊ रणजीत कंपनीच्या कामावर गुजरातला. म्हणून प्रज्वलनं महिनाभर सेकंड शिफ्ट मागून घेतली होती, आणि रोज साडेसातला तो माझ्या खिडकीशी हजर असायचा.

"आज तळवड्याला ट्रॅफिक नव्हतं," एके दिवशी तो म्हणाला.

"मग एवढ्या लवकर येऊन काय करणार?"

"तुमची खिडकी उघडायची वाट बघणार. अजून काय…"

खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागला होता. सव्वासातलाच मी केस नीट करायचे आणि वरून टोपी घालायचे. त्या टोपीतून एक केस दिसत नाही, हे माहीत असूनही.

बाळाचं मात्र काही खरं नव्हतं. मोनिका हॉस्पिटलात असताना तिच्या दुधात शंभर मिलीला साडेतीन ग्रॅम फॅट भरायचं. घरून दूध यायला लागलं तसं ते सव्वावर आलं. मी पूड वाढवली तर बाळाचं पोट फुगायचं, कमी केली तर वजन जागचं हलायचं नाही. पाच दिवस काटा तेराशे वीस ग्रॅमवर अडून बसला. राउंडला डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही तर पावडरच्या दुधावर जाऊ. धोका आहे, पण उपाशी तर ठेवता येत नाही."

हे मोनिकाला फोनवर कळलं. "माझं दूधच पातळ आहे," म्हणून तिनं जेवण सोडलं. दूध आणखी कमी येऊ लागलं.

त्या शुक्रवारी मी प्रज्वलला खिडकीशी थांबवलं आणि जे बोलू नये ते बोलले.

"खरं सांगा… वाटेत एखादी बाटली सांडली आणि पाणी घालून भरली, असं तर झालं नाही ना?"

त्यानं रिकामा डबा उचलला आणि गेला.

शनिवारी बाटल्या आल्या. तारीख, वेळ, मिली. खाली सही नव्हती. 

"काल दिवसभर विचार केला," खिडकीकडे न बघता तो म्हणाला. "पाणी घातलं असतं तर प्रोटीनपण उतरलं असतं ना? तुम्ही रोज देता त्या मापाच्या कागदावर ते पहिल्या दिवसाएवढंच आहे. नुसतं फॅट कसं जाईल?"

मी कागद पाहिला. तो म्हणत होता ते बरोबर होतं. आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, त्याच्या नव्हे.

"माफ करा," मी म्हणाले. "मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"घेतलात खरा." मग त्यानं मान वर केली. "आमच्याकडं पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही मशीनला शिव्या देत नाही. प्रत्येक स्टेशनवर उभं राहून बघतो. तुम्ही याल का आमच्या घरी? दूध काढल्यापासून डब्यात जाईपर्यंत, सगळं बघायला?"

"उद्या माझी सुट्टी आहे."

"मग भोसरीच्या स्टॉपवर न्यायला येऊ?"

"या. पण हेल्मेट दोन आणा."

रविवारी त्याच्या गाडीवर मागं बसून मी महाळुंग्याला गेले. मध्ये माझी पर्स ठेवली होती. स्पीडब्रेकर आला की तो गाडी इतकी हळू करायचा की मागची रिक्षा हॉर्न मारायची. तेवढ्या वाटेत आम्ही बाळाशिवाय काही बोललो नाही, आणि तरी मला वाट लवकर संपली असं वाटलं.

घर गावातलं, जुन्या शेतकऱ्याचं. पुढं दोन मजली आरसीसी, मागं गोठ्यात अजूनही एक म्हैस. प्रज्वलच्या आईनं, इंदुताईंनी, मला आधी चहा दिला. मोनिका आतल्या खोलीत पडून होती. माझ्याकडे बघवेना म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

फ्रिजवर मी दिलेला सूचनांचा कागद चुंबकानं लावला होता. नऊ सूचना. इंदुताई त्यातली एकेक पाळत होत्या. हात साबणानं धुतले. बाटल्या उकळून घेतल्या. रात्रीपासून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध बाहेर काढलं. आणि मग उकळत्या पाण्यातून एक चमचा काढून, गार झाल्यावर, त्यांनी दुधावर आलेला दाट थर अलगद वाटीत काढायला सुरुवात केली.

"आई… हे काय करताय?" मी विचारलं.

"साय काढतीया." त्या सहज म्हणाल्या. "एवढुसं लेकरू, त्याला जड दूध पचल व्हय? ह्या दोघांना म्हशीचं दूध मी साय काढून, पाणी घालूनच पाजलं. ह्यात पाणी न्हाई घालत, आईचं हाय. पर साय काढाय पायजेच की."

"आणि त्या सायीचं काय करता?"

"आईचं दूध वाया घालवू न्हाई. तुळशीला घालती."

दारातली तुळस खरंच तरारली होती. मी कागदाकडे पाहिलं. उकळा, गार ठेवा, नाव लिहा, सगळं होतं. साय काढू नका, ही ओळ नव्हती. बाळाला साय काढूनच दूध देतात, हे माझ्याही आजीच्या घरी मी पाहिलेलं. दोन वर्षं त्या दुधाच्या खोलीत काढून मला ते सुचलं नव्हतं.

प्रज्वल मला गोठ्याकडे घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आईला मी हळूच समजावतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वहिनीला नका सांगू. यंत्र बिघडलं होतं म्हणा ना… दोघींचं जरा बरं चाललंय."

"यंत्र चांगलं आहे. आणि तुमची वहिनी इतके दिवस स्वतःला दोष देतेय. तिला खरं कळलं नाही तर ती तशीच देत राहील."

"आईला ते सहन होणार नाही."

"मग कोण सहन करणार ते तुम्ही ठरवा. मी इथंच थांबते."

एवढं कडक बोलायची गरज नव्हती, हे मला बोलून झाल्यावर वाटलं. त्यानं म्हशीच्या पाठीवर एकदा हात फिरवला. मग आत गेला आणि दोघींना समोर बसवलं. मी दाराशी थांबले.

"वहिनी, तुमचं दूध पहिल्यापासून चांगलं आहे," तो म्हणाला. "साय निघत होती, म्हणून पातळ लागत होतं. त्या सायीतच बाळाचं वजन होतं. आणि आई, तुला आम्ही कुणी हे सांगितलंच नाही. मी रोज बाटली बघत होतो, आत काय चाललंय ते बघितलं नाही."

"कागद मी लिहिला," मी म्हणाले. "चूक माझी आहे, आई."

इंदुताई खालीच बसल्या. "माझ्या हातानंच लेकराच्या तोंडचं काढलं व्हय गं मी…"

मला वाटलं आता मोनिका बोलेल, आणि बोलली असती तरी कुणी तिला चूक म्हटलं नसतं. तिनं पोटाच्या टाक्यांवर हात धरला, सासूजवळ जाऊन बसली आणि मला विचारलं, "म्हणजे माझं दूध… बरं होतं?"

"साडेतीनचं होतं," मी म्हणाले. "माझ्या बारा आयांत तिसरा नंबर."

ती रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "आई, मला भाकरी द्या." इंदुताई डोळे पुसत उठल्या.

सोमवारच्या बाटल्यांत फॅट तीन पॉइंट चार. लेबलाखाली सही परत आली होती. मी माप नव्यानं बेतलं, आणि पावडरच्या दुधाची सोमवारची मुदत डॉक्टर मॅडमनी दोन दिवस पुढं ढकलली. बुधवारी बाळ तेराशे साठ. माझ्या कागदावर आता दहावी सूचना आहे, आणि ती मी प्रत्येक आजीला स्वतः वाचून दाखवते.

अठराशे ग्रॅमला घरी सोडायचं असं ठरलेलं. इथं माझी पंचाईत झाली. रोज बाळाचं वजन वाढवायला मी जीव तोडत होते, आणि रोज वीस-पंचवीस ग्रॅमनी ती खिडकी रिकामी व्हायची वेळ जवळ येत होती. तरी पूड मी कधी चिमूटभरही कमी घातली नाही.

तीन आठवड्यांनी अठराशे दहा भरले. रक्तदाब उतरल्यानं मोनिका स्वतः न्यायला आली होती; तिनं बाळाला छातीशी बांधून घेतलं. इंदुताईंनी माझ्या हातात तुपाची बरणी ठेवली. "आमच्या म्हशीचं हाय," त्या म्हणाल्या. "हिची साय काढली तर कुणी काय म्हणत न्हाई."

सगळे लिफ्टकडे गेले. प्रज्वल बर्फाचा डबा परत द्यायला खिडकीशी आला.

"सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट," तो म्हणाला. "साडेतीनला सुटतो."

"बरं."

"उद्यापासून दूध नाही, म्हणजे यायला कारणही नाही. म्हणून आत्ताच सांगतो…" तो थांबला. डब्याचं झाकण एकदा उघडलं, एकदा लावलं. "तुम्ही मला आवडता. गोठ्यात तुम्ही मला खोटं बोलू दिलं नाहीत ना, तेव्हापासून जास्तच."

मी टोपी काढली. केस विस्कटलेलेच होते.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हणाले. "कधीपासून ते विचारू नका, माझ्याकडे त्याची नोंद नाही. मी चारला सुटते. पण या खिडकीशी येऊ नका. इथं फक्त दूध घेतात. गेटवर या."

सोमवारी सव्वाचारला मी खाली उतरले. तळवड्याचा ट्रॅफिक पार करून तो आलेला होता, बाकावर बसून दोन हेल्मेट सांभाळत. वॉचमन किसनकाकांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. प्रज्वल, वेळ चार वाजून पाच, कुणाकडे : विजयश्री मॅडम. नात्याचा रकाना कोरा.

"मी म्हटलं, नातं लिहा," किसनकाका म्हणाले. "तर म्हणतात, ते मॅडम भरतील."

मी पेन घेतलं. मागच्या पानांवर त्याच रकान्यात महिनाभर 'काका', 'काका' लिहिलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मी लिहिलं— ठरतंय. आणि खाली सही केली, कारण सहीशिवाय त्याच्याकडे काही पुढं जात नाही.