भावंडं किती?

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, पण ही घडलेली गोष्ट आहे. २०१३ चा मे महिना, तेव्हाचं औरंगाबाद. पुंडलिकनगर, भर दुपारी दोन वाजता.

त्या दुष्काळात नळ चौथ्या दिवशी यायचा, तोही जेमतेम पाऊण तास. विश्वजितच्या घरी कामं ठरलेली. धाकटी चारुता नळाला पाइप लावायची, विश्वजित ड्रम भरून घ्यायचा. चारुता तोंडाची लई फटकळ. दादा वगैरे काही नाही, सरळ "ए विश्या!"

त्या दुपारी विश्वजितनं शहागंजातून आणलेली गेमची सीडी कॉम्प्युटरवर लावली होती. त्यात आधी आपला माणूस घडवायचा. जन्म कुठला, बाप काय करायचा... एकेक प्रश्न, खाली पर्याय. सगळं इंग्रजीत.

"ए विश्या, नळ आला! ऊठ की मेल्या!" अंगणातून चारुता ओरडली.

"आलो, आलो!"

पुढचा प्रश्न मात्र मराठीत होता...

भावंडं किती?

नळ आल्यावर कोण वाचत बसतंय? पहिला पर्याय दाबून तो पळाला. 'एकही नाही.'

अंगणात पाइप फरशीवर पडला होता. पाणी भळाभळा गटारात चाललं होतं. त्या दुष्काळात!

चारुता नव्हती.

तिच्या चपला नव्हत्या. दोरीवर तिची ओढणी नव्हती...

"आई, चारू कुठंय?"

भानुमतीबाई बादली घेऊन बाहेर आल्या. "कोण चारू? पाणी चाललं नं वाया, अन् तू काय लावलंय?"

त्या थट्टा करत नव्हत्या. दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या फोटोत आईबाबांच्या मधे तो एकटाच उभा होता.

विश्वजित धडपडत आत आला आणि त्यानं गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. प्रश्न आला. त्यानं 'एक बहीण' दाबलं.

आणि खाली आणखी एक प्रश्न उमटला...

ती कशी आहे?

शांत. आज्ञाधारक. सोशिक.

तीनच पर्याय. फटकळ कुठंच नव्हतं! त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं. बाहेर पाण्याची धार बारीक होत चालली होती. नळ जायच्या आत काहीतरी दाबलंच पाहिजे, असं त्याला का वाटलं, देव जाणे.

त्यानं 'शांत' दाबलं.

अंगणात बादलीची कडी वाजली...

चारुता पाइप धरून उभी होती. त्यानं धावत जाऊन तिला मिठी मारली आणि तो ढसाढसा रडला.

"दादा, पाणी सांडेल," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर सीडी पन्नास वेळा लावून झाली. तो प्रश्न पुन्हा आला नाही.

चारुता आजही आहे. नातेवाईक म्हणतात, पोरगी किती गुणाची, कधी उलटून बोलत नाही. विश्वजित मात्र अजून तिच्या खोड्या काढतो, मुद्दाम भांडण उकरतो. ती नुसती हसते.

मागच्या राखीला त्याला राहवलंच नाही. "चारू, एकदा तरी शिवी दे गं मला."

तिनं राखीची गाठ मारली आणि मान वर केली.

"कोणती देऊ, दादा?"