भुवईवरचा व्रण

"जरा तो दिवा बाजूला कराल का? काचेवर चमक येतेय."

शिडीवरून उत्तर आलं, "करतो. पण आधी तुमचं नाक बाजूला घ्या. काचेवर वाफ येतेय!"

मी चटकन मागे सरले. फोटोंच्या प्रदर्शनात दिवे लावणारा तो तरुण शिडीच्या वरच्या पायरीवर बसून चक्क हसत होता.

"एकाच फोटोपुढे इतका वेळ? पाठ करताय की काय?"

"शिकतेय," मी फणकारले. "या फोटोग्राफरनं सावल्या काळ्या नाही, किंचित निळ्या केल्यात. म्हणून तर तो पिवळा पडदा इतका उबदार वाटतो."

"निळ्या?" तो खाली उतरला. माझ्या शेजारी उभा राहिला… जरा जास्तच शेजारी. "अरेच्चा, आहेत की!"

मी मामाच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो एडिट करायचे. मामाचा हुकूम एकच – गिऱ्हाईक गोरं आणि गुळगुळीत दिसलं पाहिजे. दिवसभर मी लोकांचे डाग पुसायचे, सुरकुत्या घालवायचे. मला याहून काहीतरी चांगलं करायचं होतं, पण शिकवणारं कोणी नव्हतं. म्हणून इतरांचे फोटो निरखायचे, उजेड कुठे वाढवलाय, रंग कुठे दाबलाय ते हुडकायचं आणि मग माझ्या फोटोंवर तसंच करून बघायचं.

आता संध्याकाळी प्रदर्शनात जायला आणखी एक कारण मिळालं. मी ज्या फोटोपुढे थांबायचे, नेमका तिथलाच दिवा त्याला नीट करायचा असायचा!

"आज काय चोरलंत?"

"कडांवरचा अंधार."

"पोलिसांना कळवू?"

"त्याआधी तुमचा एक फोटो काढू द्या. सरावासाठी."

"सरावासाठीच ना?"

मी कॅमेऱ्याआड तोंड लपवलं.

तो फोटो मी अगदी जीव ओतून एडिट केला. प्रिंट हातात दिली, तर त्यानं ती दिव्याखाली धरली.

"सुंदर आहे. कोण आहे हा?"

मी हसले. तो हसला नाही. त्यानं भुवईवर बोट ठेवलं. तिथे एक जुना व्रण होता… फोटोत नव्हता. सवयीनं माझा हात फिरला होता.

"धाकट्या बहिणीला झोक्यासमोरून ओढताना फळी लागली होती," तो म्हणाला. "ती अजून सगळ्यांना सांगते, दादामुळे वाचले म्हणून. असो… छान झालाय."

शिडी खांद्यावर टाकून तो निघून गेला. ते 'छान' मला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी, प्रदर्शनाच्या शेवटच्या दुपारी, मी पुन्हा गेले. एका म्हाताऱ्या बाईच्या फोटोपुढे थांबले. आजवर तिच्यामागची भिंत, रंग, उजेड हेच बघत आले होते. आज कळलं – बाकीचं सगळं मंद केलं होतं, ते तिच्या सुरकुत्या दिसाव्यात म्हणून!

तशीच स्टुडिओत धावले आणि त्याचा फोटो पुन्हा पहिल्यापासून एडिट करायला घेतला.

"अगं, तो व्रण दिसतोय की!" मामा मागून म्हणाला.

"दिसायलाच हवा, मामा."

मामानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मिशीत हसत म्हणाला, "मोठ्या कागदावर काढ."

मी पोहोचले तेव्हा भिंती रिकाम्या झाल्या होत्या. तो वायर गुंडाळत होता. मी प्रिंट पुढे केली. त्यानं पाहिलं… आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

"हा मी आहे," तो हळूच म्हणाला. मग मिश्किलपणे, "इतका वेळ माझ्याकडे बघत होतात?"

"कामच होतं ते."

"आणि आता? काम संपलं?"

मनाशी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"नाही संपलं. मला रोज बघायचंय… तुला."

त्याच्या हातातली वायर सगळी सुटून जमिनीवर पसरली.

"पुन्हा म्हण ना," तो म्हणाला.

"काय?"

"'तुला'."