चौथ्या कढईला कुणी थांबवलं

या माउली, जरा जवळ सरकून बसा. बुवा उभे राहायला अवकाश आहे, मृदंगाला अजून कणीक लावणं चाललंय. तोवर एक हकिकत सांगतो. नुकतेच जेवून आला असाल तर मात्र बेतानं ऐका.

तेरखेड्याच्या अलीकडं, माळावर आबारावांची खव्याची भट्टी आहे. पूर्वी तिथं बाया उभ्यानं उलथन्यानं दूध हलवायच्या. आता चार कढया, प्रत्येकीत मोटारीवर फिरणारं लोखंडी पातं आणि कोपऱ्यात संगणक. प्रोग्राम लिहिला आबारावांच्या पुतण्यानं, कुलदीपनं. पुण्यातली नोकरी सोडून आलेला, देवाला हात जोडायचा पण डोळे उघडे ठेवून.

त्याच्या प्रोग्रामात एक मुख्य थ्रेड आणि कढईमागं एकेक थ्रेड; थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी चालणारं वेगवेगळं काम. आपल्या कीर्तनासारखंच समजा. पुढं बुवा, मागं टाळकरी, ज्याचं त्याचं काम चालू. पण 'आवरतं घ्या' अशी चिठ्ठी आली तर ती बुवांच्याच हाती जाते, टाळकऱ्याला कुणी देत नाही. ज्या भाषेत त्यानं प्रोग्राम लिहिला, त्या पायथनचाही हाच दंडक. थांबण्याचा सिग्नल मुख्य थ्रेडनंच ऐकायचा आणि मग मागच्यांना थांबवायचं. आता बुवाच डोळे मिटून लांब आलापात गेले असतील, तर चिठ्ठी हातात तशीच राहते.

खवा होत आला की धुरपताबाई चिमूट घेऊन बघायच्या. जन्म भट्टीवर गेलेला. "थांबव रं!" म्हणायच्या आणि त्याच दमात हात कढईत. कुलदीप सिग्नल द्यायचा, पाती थांबायची. पात्याकडं बघायची गरजच त्यांना वाटेनाशी झाली.

श्रावणात चौथ्या कढईला वास येऊ लागला. करपल्याचा नव्हे, नासल्याचाही नव्हे. बरेच दिवस न धुतलेल्या डोक्याचा वास, गोड दुधात मिसळलेला. कुलदीपनं कढई सोड्यानं घासून घेतली. दुसऱ्या दिवशी तोच वास, आणि कडेला पिवळट, जाड, सुरकुतलेली साय. उलथन्यानं ओढली तर चामड्यासारखी ताणत आली, तुटेना.

"मावशी, टोपी घालता ना डोक्याला?" त्यानं धुरपताबाईंना विचारलं.

"घालते की. माझ्या डोस्क्याचा वास येतोय व्हय तुला? तुझ्या डबड्याला आंघोळ घाल आधी!"

सगळ्या बाया हसल्या. कुलदीपनं मात्र त्या दिवसापासून दुधाचा चहा सोडला.

त्याच आठवड्यात त्यानं चालू थ्रेडची यादी काढली. मुख्य एक, कढयांचे चार. यादीत सहा दिसले. सहाव्याला नाव नव्हतं. प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला, तरी सहाच. वजनकाट्याच्या कंपनीचं कोड आपल्या प्रोग्रामला जोडलंय, त्यानं सुरू केला असेल एखादा थ्रेड, अशी त्यानं मनाची समजूत घातली. समजूत पटण्यासारखीच होती.

मग तो मंगळवार. टळटळीत दुपार, पत्रे तापलेले, माश्या घोंघावत होत्या.

"थांबव रं!"

कुलदीपनं सिग्नल दिला. धुरपताबाईंचा हात चौथ्या कढईत गेला.

पाती थांबली नाहीत.

वजनकाटा अडकला होता आणि मुख्य थ्रेड त्याच्या कोडात शिरून वजनाची वाट बघत उभा होता. तिथून परतल्याशिवाय तो काही ऐकणार नव्हता. कुलदीपनं पुन्हा सिग्नल दिला. पुन्हा. तिकडं बाईंची पाटली पात्याच्या दात्यात अडकली होती आणि हात ओढला जात होता.

"आगं आई! बंद कर! हात चालला माझा!"

मेन स्विच बाहेर, भिंतीपलीकडं. कुलदीप धावायला वळला.

तेवढ्यात चौथं पातं थांबलं.

पहिल्या तीन कढया फिरतच होत्या. चौथीची मोटारही फिरत होती. पट्टा घसरून धूर येत होता, पण पातं जागचं हलत नव्हतं. पात्याला आतून कुणी धरावं तसं.

घट्ट खवा एकदाच खालून वर फुगला आणि हळूच बसला.

धुरपताबाईंनी पाटली सोडवून हात ओढून काढला. कुलदीपनं बाहेर जाऊन मेन बंद केला.

आबाराव धापा टाकत आले. "वाचला बघ हात! येळंवर बंद केलंस पोरा."

"मी न्हाय केलं, काका," कुलदीप म्हणाला. "सिग्नल कुणी ऐकलाच न्हाय."

"ऐकला की," धुरपताबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "खालनं कुणीतरी हात धरला माझा. मऊ लागला. हाडंच न्हायती त्याला."

कढई उपसली. तळाशी काहीसुद्धा नव्हतं. प्रोग्राम पुन्हा लावला, तेव्हा यादीत पाचच थ्रेड आले. वासही गेला. त्या दिवशीचा चौथ्या कढईचा खवा आबारावांनी खड्ड्यात पुरला. भट्टीवरची कुत्री तो उकरायलाही गेली नाहीत.

बाईंच्या बोटांचे फोड भरले. मनगटावर मात्र पाच पांढरे डाग राहिले, पकडीचे. औषधं झाली, अंगारे झाले. आता त्या भट्टीवर जात नाहीत. त्या बघा, पलीकडच्या खांबाला टेकून बसल्यात, मनगटावर पदर घेऊन.

उठले बघा बुवा. नाम घ्याल तेव्हा धुरपताबाईंची आठवण ठेवा, माउली. रोज पहाटे त्या पाच डागांवर साय धरते. बाई ती नखानं सोलून काढतात, आणि ती साय ऊन-ऊन असते.