पाण्याकडे तोंड केलेल्या पाट्या

निविदा भरायची तर आधी जागा पाहून यायचं, अशी अटच होती. अभयारण्याच्या वनरक्षकाची सही असलेला पाहणीचा दाखला जोडला नाही, तर पाकीट उघडलंही जाणार नव्हतं. म्हणून हिवाळ्यातल्या एका सकाळी वहिनी आणि तिचा धाकटा दीर टेम्पोत बसून निघाले. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, गिऱ्हाइकंसुद्धा.

पाट्या रंगवायचं दुकान तिच्या नवऱ्याचं. आजारपणानंतर त्याचा हात कापायला लागला, तेव्हा तिने ब्रश उचलला आणि तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. पण फ्लेक्सच्या जमान्यात हाताने अक्षरं काढणाऱ्याला विचारतो कोण? छत्तीस पाट्यांचं हे सरकारी काम मिळालं तर दुकानाचं शटर वर राहणार होतं. नाहीतर दिराने परगावी नोकरी धरायची, हे घरात कुणी न बोलताच ठरलेलं होतं.

फाटकाशी वनरक्षक उभा होता. उंच, खांदे पडलेला, पन्नाशीचा माणूस. वहिनीने आणलेला नमुन्याचा पत्रा त्याने उलटसुलट करून पाहिला. कोरा, पिवळा, तिच्या छातीएवढा. “चांगला जाड आहे,” एवढंच म्हणून त्याने तो तिला परत दिला आणि चालू लागला.

एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला पाणथळ, आणि मधून मातीचा बांध. पाणी म्हणायचं, पण दिसत नव्हतं. दोन पुरुष उंचीचे बोरू दाटीवाटीने उभे होते आणि त्यांच्यात धुकं अडकून बसलं होतं. अकरा वाजले तरी ते हलायचं नाव घेईना. कुजलेल्या गवताचा आणि ओल्या पिसांचा वास नाकातून घशात उतरत होता.

एकतीस जागा भराभर झाल्या. दीर टेप धरायचा, वहिनी जाड काळ्या मार्करने खांबावर खूण करायची, वहीत लिहायची. दिराच्या जिभेला हाड नव्हतं. हसवत हसवत वाट सरत होती. मग वनरक्षक थांबला.

“उरलेल्या पाच मी सांगतो. तुम्ही लिहून घ्या. बघायची गरज नाही.”

“अहो, माती बघितल्याशिवाय खड्डा किती खोल घ्यायचा ते कसं कळणार?” दीर म्हणाला. “उद्या खांब आडवा झाला की तुम्हीच आम्हाला धरणार.”

रक्षकाने वहिनीकडे पाहिलं. ती वही उघडून उभीच होती. मग तो नाइलाजाने पुढे झाला.

या पाच जागा बांधाच्या टोकाला होत्या. तिथे रस्ता संपून तिन्ही बाजूंनी बोरू आले होते. पहिली पाटी दिसली ती पाठमोरी. गंजलेला कोरा पत्रा. अक्षरं पलीकडच्या बाजूला, पाण्याकडे तोंड करून.

दीर हसला. “हे बघा सरकारी काम! बगळ्यांसाठी लावलीय वाटतं.”

“त्या अशाच लावायच्या असतात,” रक्षक म्हणाला.

वहिनी बांधावरून दोन पावलं खाली उतरली आणि तिने मान वर करून पाहिलं. पाटी चांगली आठ फूट उंचावर होती. दोनच शब्द होते. परत जा. पण ते वाचण्याआधी तिला काहीतरी खटकलं. उन्हाने रंग उडतो तो फिकट होत जातो. ओलीने उडतो तेव्हा पोपडे येतात. वीस वर्षांत तिने रंगाची सगळी मरणं पाहिली होती. इथे तसं काहीच नव्हतं. पिवळा रंग शाबूत होता. फक्त अक्षरं झिजली होती. प ची रेघ, र चं वळण, अगदी त्यांच्या अंगाअंगाने. दाराची मूठ वर्षानुवर्षांच्या हातांनी झिजते तशी. जणू कुणीतरी अक्षरांवरून बोट फिरवत होतं... पुन्हा पुन्हा.

“दादा,” तिने हळूच विचारलं, “इथे शिडी घेऊन कोण येतं?”

“कुणी नाही.”

दुसरी, तिसरी पाटीही तशीच. चौथीवर प आणि र उरले होते, त जवळजवळ गेला होता. पाचव्या जागी नुसता खांब होता. पाटी नव्हती.

“चोरीला गेली?”

“गेली,” रक्षक म्हणाला. “म्हणून तर निविदा तातडीची काढलीय.”

दीर टेप घेऊन खांबाशी वाकला आणि तेवढ्यात तो आवाज आला.

“प...”

बारीक आवाज. नुकतंच वाचायला लागलेल्या पोराचा असतो तसा, ओढून ओढून काढलेला.

“र...”

मग काही नाही. बोरू सळसळले. पुन्हा पहिल्यापासून. “प... र...”

“अरेच्चा! पोरगं आहे आत!” दीर उठला. “सहलीतलं चुकलं असेल. ए बाळा! आलो रे, थांब तिथेच!”

रक्षकाने त्याचा हात धरायला झेप घेतली, पण दीर उतारावरून खाली उतरलाही होता. घोटाभर पाणी, मग गुडघाभर. “कुठे आहेस रे?”

वहिनी बांधाच्या कडेपर्यंत धावली. तिला एक गोष्ट कळली होती, जी दिराला पाण्याच्या खळखळाटात कळली नव्हती. आवाज खालून येत नव्हता. तो वरून येत होता. बोरूंच्या तुऱ्यांच्याही वरून.

“र...” आवाज म्हणाला आणि अडला. मग अगदी जवळ, दिराच्या डोक्यावर कुठेतरी, पुन्हा, “प...”

दीर जागच्या जागी थिजला. त्याने हळूहळू मान वर केली. काय पाहिलं ते त्याने पुढे कधीही सांगितलं नाही.

वहिनीने काखेतला नमुन्याचा पत्रा मातीवर टाकला, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळलं. तेवढी एकच गोष्ट तिला नक्की येत होती. परत जा. पत्रा दोन्ही हातांनी समोर उंच धरून ती पाण्यात उतरली आणि दिराच्या पुढे जाऊन उभी राहिली. तोंडासमोर तिच्याच पत्र्याची कोरी पाठ. पलीकडचं तिला काही दिसत नव्हतं.

बोरू हलायचे थांबले. ओल्या पिसांचा वास एकदम इतका दाटला की तिने श्वास रोखून धरला.

मग पत्र्यावर काहीतरी टेकलं.

फार जोर नव्हता. बोटभर जागेवर हलकासा दाब. तो खाली सरकला, वळला, पुन्हा वर गेला. तिच्या तळहातांना पत्र्यातून प कळला. मग र. मग त्या दाबाने त ची गाठ शोधली, ती दोनदा गिरवली.

“त...” आवाज म्हणाला. त्यात आनंद होता. अडलेलं अक्षर सापडल्याचा अगदी साधा आनंद. तिच्या अंगावर शहारा आला तो त्या आनंदाने. “परत... जा.”

बराच वेळ काही झालं नाही. मग दाब गेला. बोरूंची एक रांग वाकली, मग त्यामागची, मग आणखी आतली, आणि सळसळ लांब लांब जात धुक्यात विरली.

“चला... मागे वळून बघू नका, भाऊजी. चला,” ती पुटपुटली.

तिघं झपाझप फाटकाशी आले. रक्षकाने दाखल्यावर सही केली. मग म्हणाला, “मागच्या ठेकेदाराने पाट्या रस्त्याकडे तोंड करून लावल्या होत्या. त्याला वाटलं आराखडा चुकलाय. तीन दिवस त्या तशा होत्या.”

“मग?”

“माझा जोडीदार तेव्हा त्या टोकाला पहाऱ्यावर होता.” त्याने दाखल्याची घडी घातली. तो तिच्या हातात देताना म्हणाला, “ताई, आधी दोघं पाहून गेले. त्यांनी निविदा भरली नाही. कुणीतरी भरायला हवी.”

घरी दिराला ताप चढला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नको ते काम. दुकान गेलं तर गेलं.” वहिनी दोन दिवस विचार करत राहिली. बांधाच्या टोकाचा तो नुसता खांब तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्या दिवशी तिने दर लिहिला, दाखला जोडला आणि पाकीट स्वतः नेऊन दिलं.

काम तिलाच मिळालं. त्या पाच पाट्यांची अक्षरं तिने रंगवली नाहीत, जाड पोलादात खोल कोरून घेतली. कितीही बोटं फिरली तरी झिजायची नाहीत अशी. भर दुपारी जाऊन त्यांनी त्या लावल्या. दीर आला, पण एकही विनोद न करता नट आवळत राहिला. बोरू अगदी स्तब्ध होते. दुकानाचं शटर वर राहिलं, आणि घर पुन्हा थोडं थोडं हसायला लागलं.

पाचव्या आठवड्यात, दुपारी, रक्षकाचा फोन आला.

“ताई, पाट्या ठीक आहेत. पण शेवटच्या पाटीवर, तुमच्या अक्षरांच्या खाली, काहीतरी लिहिलंय. चिखलाने.”

“काय?”

“का.”

“का म्हणजे?”

“एवढंच. ‘परत जा’ आणि खाली ‘का’.”

वहिनी खुर्चीत बसली. तिचं बोट आपोआप काउंटरवर अक्षरं गिरवायला लागलं. प, र, त, जा. चारच. त्या पाचही पाट्यांवर दुसरं अक्षर नव्हतं. मग क त्याला आला कुठून? बाकीच्या एकतीस पाट्या तिनेच रंगवल्या होत्या. त्या सगळ्या रस्त्याकडे तोंड करून होत्या, बांधाच्या अलीकडे, माणसांच्या बाजूला. पहिली तर फाटकाबाहेर, रक्षकाच्या खोलीला लागून. ‘कचरा टाकू नये.’

“दादा,” ती उठून उभी राहिली, “तुमच्या खोलीजवळची पाटी जरा बघता?”

खडीवर बुटांचा आवाज झाला. आठ-दहा पावलं. मग तो थांबला.

“दादा?... ठीक आहे ना पाटी?”

“क पार झिजलाय, ताई.” रक्षक अगदी हळू बोलत होता, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा. “च अर्धा झालाय. आणि तो... अजून ओला आहे.”