फॉस्फेटने जुळवलेलं

सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, आणि पटूही नये. पण एका मुलीचं लग्न फॉस्फेटने जुळवलं. मध्ये ना कुठली मावशी होती, ना कुठली काकू. ज्याला खोटं वाटत असेल त्याने खुशाल उठून जावं. जाताना दार तेवढं ओढून घ्यावं.

ती कपडे शिवायची. वय सव्वीस, तरी सगळे तिला टेलरबाई म्हणत. रंगाची नजर अशी, की एकट्या निळ्याचे एकोणचाळीस प्रकार ती डोळे मिटून ओळखायची. हो, मिटूनच! कापडाला बोट लागलं की पुरे. तर अशी ही टेलरबाई एका दुपारी पाण्याची उघडी बाटली सांभाळत शोभेच्या माशांच्या दुकानात शिरली, आणि आतून बाहेर येणाऱ्या एका उंच माणसाच्या छातीवर ती बाटली अर्धी रिकामी झाली.

"अगंबाई... सॉरी, सॉरी—"

त्याने ओठावरचा थेंब चाखला. "खारट आहे. म्हणजे एक तर समुद्र, नाही तर रडणं."

"समुद्रच आहे," ती म्हणाली. "उरलेला सांडला तर रडणंही होईल."

तो हसला. त्याच दुकानात मोजमापाच्या उपकरणांचा काउंटर तो सांभाळायचा. जेवायला निघाला होता, पण जेवण विसरला आणि उलटपावली आत आला.

तिला काळजी होती ती बाबांच्या माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीची. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी नखाएवढा प्रवाळाचा तुकडा त्यात लावला होता. तो वाढून ओंजळीएवढा झाला होता, गर्द जांभळा. पण बाबांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, नवा चष्मा मिळायला दोन महिने होते. तोवर सगळं धूसर. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "जांभळं कसं आहे गं?" आणि ती सांगायची, "झकास, बाबा!" प्रत्यक्षात जांभळं तपकिरी पडलं होतं आणि दगडांवर शेवाळ माजलं होतं. चष्मा आला की बाबांना सगळं दिसणार होतं.

"फॉस्फेट किती आहे?" त्याने सगळं ऐकून विचारलं. "शेवाळ त्याच्यावरच पोसतं."

"जवळजवळ नाहीच. रोज पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून बघते. पाणी निळं होतं, तो निळा रंगांच्या कार्डाशी जुळवते. माझी नजर चुकत नाही."

"कुठे उभं राहून जुळवता?"

"टाकीशेजारी."

"आणि टाकीवरचा दिवा कुठल्या रंगाचा?"

 गिऱ्हाइकाला दोरा दाखवायचा तर ती हाताला धरून दारातल्या उजेडात नेई, आणि स्वतः मात्र महिनाभर निळ्या दिव्याखाली निळा मोजत होती!

"निळा!" ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? दुकानभर तुम्हीच सांगितलंत."

त्याने मुठीत मावतील असे दोन मीटर तिच्यापुढे ठेवले. "हा फॉस्फरस मोजतो. येईल त्या आकड्याला साधारण तीनने गुणायचं, मग हजाराने भागायचं."

"मी लोकांची मापं घेते, गणिताची परीक्षा देत नाही."

"मग हा घ्या. सरळ फॉस्फेट दाखवतो. फक्त एक खोड आहे. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला, की आकडा वाढवून सांगतो."

"म्हणजे संशयी आहे."

"हळवा आहे."

"आणि तुम्ही?" तिच्या तोंडून निसटलं.

"मी... मी काउंटरवर असतो," तो म्हणाला. कान लालबुंद.

मीटर कसा वापरायचा ते शिकवायला तो घरी आला. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"मीटर आलंय, बाबा."

"मीटर चहा घेतं का विचार!"

मीटरने चहा घेतला. मग कुपी पुसली, पावडरीची पुडी टाकली, दोन मिनिटं हलवली. पुढची तीन मिनिटं नुसतं थांबायचं. आकडा आला... शून्य पूर्णांक एकसष्ट. हवा होता शून्य पूर्णांक एकच्या आत. तिचा चेहरा उतरला.

"एकदम खाली आणायचं नाही," तो म्हणाला. "प्रवाळाला धक्का सोसत नाही. हळूहळू. माशांचं खाणं धुऊन घाला, पाणी थोडं थोडं बदला. मी येत जाईन."

आणि तो येत गेला, एक दिवसाआड. त्या तीन मिनिटांत किती बोलणं व्हायचं! टाकीतले दोन्ही नारिंगी मासे काचेला नाक लावून ऐकत बसत. लाजायची वेळ आली की त्यातला एक दुसऱ्याचे डोळे झाकी.

आकडा उतरत उतरत शून्य पूर्णांक वीसवर आला, आणि एका संध्याकाळी टुणकन अठ्ठेचाळीसवर!  त्याने कुपी उजेडात धरली. काचेवर दोन अंगठे उमटले होते, शेजारी शेजारी.

"हा तुमचा," तो म्हणाला.

"आणि तो?"

"तो... माशाचा असेल."

"पुन्हा करायचं का?"

"पुड्या संपतील."

"संपू देत," ती कुपीकडे बघत म्हणाली. "तुमच्याच दुकानात मिळतात ना?"

चष्मा आला. बाबा टाकीसमोर बसले. काचेला नाक लावून बघितलं. ती नव्या कॉलरसारखी ताठ उभी.

"बुडखा तपकिरी आहे," बाबा म्हणाले. "मला खोटं सांगत होतीस."

"हो, बाबा."

"पण टोकं... टोकं जांभळी आहेत गं!" त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मागे वळून बघितलं. "आणि हे मीटर बरंच उंच आहे की!"

बाबा हसत आत गेले. तो कुपी पुसत राहिला, पुसून झालेलीच.

"आता आकडा ठीक आहे," तो म्हणाला. "तसं मी यायची गरज नाही... तरी यावं का? म्हणजे— कायमचं?"

तिने त्याच्या हातून कुपी घेऊन त्यात टाकीतलं पाणी भरलं. पुडी टाकून हलवली, मीटरमध्ये ठेवली. तीन मिनिटं गेली. मासे पोहायचे थांबले, पंपाने श्वास रोखला, आणि मीटरवर आकडा आलाच नाही! तिथे चक्क उमटलं 'हो'. ठळक अक्षरात, काना-मात्रेसकट...

"पुरे हं, पुरे! मीटरला कसला आलाय काना आणि कसली मात्रा? मी होते ना तिथे! शून्य पूर्णांक शून्य आठ आलं होतं. 'हो' मी म्हटलं होतं, आणि तेसुद्धा तुम्ही तीनदा विचारल्यावर!"