‘अहो’ म्हटल्यावर चौघे वळले

आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून झाडांना पाणी घालत होती. ट्रॅक पँट घोट्याच्या वर दुमडलेली, केसांचा कसाबसा बुचडा. जितेश नुसतं म्हणाला, "कॉटेजचं बुकिंग होतं..." आणि ती वळली.

"जित्या? तू?"

"लविना... हे तुझं आहे?"

मग दोघं भडाभडा बोलत सुटले. त्यांच्या गावच्या बोलीत. नंदाखालला दहावीपर्यंत एका वर्गात होते, एवढं मला समजलं. बाकीचं निम्मं डोक्यावरून गेलं. पण जितेश हसला, ते मात्र पूर्ण समजलं. मान मागे टाकून, डोळे मिटून. तसं हसणं मी खुशी झाल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि खुशी आता अडीच वर्षांची आहे. नळीतलं पाणी त्याच्या नव्या चपलांवर पडत होतं... त्याला पत्ताच नव्हता.

"ही सुरुची, माझी बायको," शेवटी त्याला आठवलं. "ही आई. आणि ही खुशी."

"या ना वहिनी," लविना म्हणाली. गोड हसली. मला ते गोडपण सुद्धा बोचलं. "ह्याने शाळेतले प्रताप सांगितलेत की नाही?"

"अहो," मी जितेशला म्हटलं, "बॅगा काढताय ना?"

हे ‘अहो’ मी कराडहून आणलं. लग्नाआधी आमचं सरळ अरे-तुरे होतं. पण पाठवणीच्या दिवशी आईने कानात सांगितलं, सासूबाईंसमोर नवऱ्याला एकेरी हाक मारायची नाही. विरारच्या दोन खोल्यांत सासूबाई कायम समोरच. मग आमचं ‘तू’ लिफ्टमध्ये राहायला गेलं. चौथा मजला ते तळमजला... तेवढ्यात जेवढं मावेल तेवढं. खुशी झाली आणि लिफ्टमध्ये तिची बाबागाडी आली, शेजारच्या काकू आल्या, आणि एक दिवस लक्षात आलं की ‘तू’ कुठेतरी उतरून गेलंय. कोणत्या मजल्यावर, तेही आठवेना.

आणि ही बाई? दोन मिनिटांत तिने ते सहज उचललं.

दुपारी तिनेच जेवण वाढलं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, वर लिंबू. समोर सुरूच्या झाडांमधून राजोडीचा समुद्र चकाकत होता. सुट्टीत माणसाने कसं सैल व्हावं, म्हणून तर आम्ही आलो होतो. मी मात्र ताटातल्या काट्यांपेक्षा शब्द मोजत होते. तू जाड झालास. तुला आठवतं का. तुझा तो हस्ताक्षराचा कप... अकरा वेळा ‘तू’. भाकरी संपेपर्यंत.

"वहिनी, हा वर्गात गाणं म्हणायचा, माहितीये? मास्तर वर्गाबाहेर काढायचे, तर तिथेही म्हणायचा."

मला नव्हतं माहीत.

"जित्या, पानी दे," खुशी अचानक म्हणाली.

लविना खो-खो हसली. जितेशही हसला. सासूबाईसुद्धा पदराआड. मी खुशीला दटावलं, "बाबा म्हणायचं."

"राहू दे," जितेश म्हणाला. "कोणीतरी म्हणतंय ना..."

"कोणीतरी म्हणजे?"

"काही नाही. मीठ द्या जरा, मॅडम."

तो मला मॅडम म्हणतो तेव्हा मी ‘अहो’ म्हणून परत करते. गेली दोन वर्षं आमचं असंच चाललंय. बँकेच्या काउंटरवर बोलावं तसं... कुणी भांडत नाही, कुणी रुसत नाही.

उन्हं कलल्यावर लविना टोपली घेऊन आली. "ओहोटी आहे. वाळूतल्या तिसऱ्या-शिंपल्या काढायला कोण येतंय?"

"मी," जितेश म्हणाला. पँट दुमडून निघालासुद्धा. मग थांबला, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही येताय?"

येऊ का? जायचं होतं गं बाई मला. पण त्या ‘तुम्ही’ला काय उत्तर द्यायचं?

"नको. खुशीला बघायला हवं."

सासूबाई म्हणाल्या, "मी आहे की." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

खुशीला घेऊन आम्ही दोघी किनाऱ्यावर बसलो. नाताळची सुट्टी, त्यामुळे गर्दी होती. मुलं, घोडागाडी, भेळवाले. आणि लांब, ओल्या वाळूत दोन माणसं वाकलेली. ती वाळूत बोट खुपसून काहीतरी दाखवायची, तो खाली बघायचा. डोकी जवळ यायची... लांब जायची... पुन्हा जवळ. तिसऱ्या शोधायला इतकं हसावं लागतं? एकदा त्याने तिच्या गालावरची वाळू दाखवली. नुसती दाखवली, हात नाही लावला.

मी उठले. भरती लागेल, म्हणून बोलवावं. निमित्त अगदी चांगलं होतं.

"अहो..."

आमच्या पुढ्यात चार पुरुष वळले. एकाच्या हातात भेळ, एक मुलाचे बूट झटकत होता, एकाने तर घाबरून विचारलं, "काय झालं?" चौघांच्या चार बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

जितेश मात्र वळला नाही.

"अहो, ऐकलं का..." पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच चौघे.

मला रडू यायला लागलं होतं की हसू, कोण जाणे. इतकी वर्षं मी ज्या नावाने त्याला हाक मारत होते, ते त्याचं नव्हतंच. कुणाचंही होतं ते.

"जितेश! अरे जित्या, इकडे ये ना रे... मला तू हवायस!"

वाऱ्याने शब्द उचलले. लांब वाकलेला माणूस एका झटक्यात ताठ झाला.

आणि मग मला आठवलं, शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

मान वळवायचा धीर होईना. "आई, सॉरी... चुकून..."

"चुकून?" त्या म्हणाल्या. "अगं, मी चार वर्षं वाट बघतेय."

मी झटकन मान वळवली.

"आमच्या घरात नवऱ्याला अहो कोण म्हणतं? माझ्या सासूलासुद्धा मी तूच म्हणायचे. अहो म्हणायचं ते डॉक्टरांना, तलाठ्याला. तुझ्या सासऱ्यांना मी शेवटपर्यंत ‘अरे जयवंत’ म्हणाले. तू लग्न होऊन आलीस आणि ‘अहो, जेवता का, अहो, येता का’... मला वाटलं, मुलीचं मन बसलं नाही आमच्या जितेशवर. वसईच्या बहिणीला दोनदा फोन करून विचारलं मी, काय करू म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्याकडची रीत असेल म्हटलं. सुनेला काही बोलायचं म्हणजे... तुझ्याशी आम्ही सगळे पुस्तकातलं मराठी बोलतो, ते काय उगाच?" त्यांनी खुशीला मांडीवर ओढलं. "जा आता. तो बघ, पळत येतोय वेडा."

खरंच पळत येत होता. धापा टाकत समोर उभा राहिला, कोपरापर्यंत चिखल.

"काय म्हणालीस?"

‘म्हणालीस.’ माझ्या कानांत काहीतरी मऊ उतरलं.

"काही नाही. भरती लागेल."

"ते नाही. मघाशी ओरडलीस ते."

"ऐकलंयस ना तू?"

"तू खुशीला तू म्हणतेस. दूधवाल्याला म्हणतेस. खालच्या मांजराला ‘तू जेवलास का’ विचारतेस. मी त्या मांजरावर जळायचो, सुरुची. वाटायचं... मी असं काय केलंय?"

"आणि मी आज सकाळपासून हिच्यावर जळतेय."

"लविनावर?" त्याने डोळे मोठे केले. "मी दुपारी जेवणानंतर तिला हेच विचारलं, बायकोला पुन्हा अरे-तुरेवर कसं आणायचं. ती म्हणाली, भांडण काढ. म्हणून मघाशी ‘तुम्ही येताय’ असं मुद्दाम म्हटलं. आणि तू सरळ नको म्हणालीस."

"गाढवा," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा उजळला, जणू मी त्याला बक्षीसच दिलं. चिखलाच्या हाताने त्याने माझी बट मागे सारली. मी सारू दिली.

वरून, सुरूच्या झाडांतून, लविनाची हाक आली. ती टोपली घेऊन कधीच घराकडे पोचली होती. "ए जित्या, चहा गार होतोय. येतोयस का?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी त्याचा हात धरला आणि त्याच्या आधी ओरडले,

"येतोय तो. माझ्याबरोबर."